जुनी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल घ्यावी का? मार्लिन ३३६, थर्टी-थर्टी

वाटचुकार (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतो आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी ओहायोत, कोलंबसच्या बाहेर राहतो. दोन वर्षांपासून ऑफिसातला एक मित्र मला रेंजवर नेतो. उन्हाळ्यात हंटर एज्युकेशनचा कोर्सही केला. यंदा थँक्सगिव्हिंगनंतरच्या आठवड्यात हरणांचा गन सीझन लागतो, तेव्हा त्याच्याबरोबर जायचं ठरतंय. आत्तापर्यंत सगळं त्याच्याच बंदुकांवर झालं. स्वतःची एकही नाही.

आता मुद्दा. मित्राच्या शेजारी एक निवृत्त आजोबा आहेत. त्यांना त्यांची मार्लिन ३३६ विकायची आहे. चापाखालची लिव्हर खाली-वर करून काडतूस भरायची, तशी रायफल. कॅलिबर थर्टी-थर्टी. स्वतः नवीन घेतली होती, दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नाही म्हणतात. ६०० डॉलर सांगतायत. मी पाच मिनिटं हातात धरली. अक्रोडाचा दस्ता काळपट पडलाय, धरून चालताना हात जिथे येतो तिथला रिसिव्हरचा (बंदुकीच्या मधल्या लोखंडी सांगाड्याचा) निळा मुलामा उडालाय, चाप सोनेरी. लिव्हर खाली-वर केली आणि तो खटक-खटक आवाज आला. खरं सांगायचं तर त्या आवाजातच मी अर्धा विकला गेलो.

बायकोची अट: आधी सेफ (बंदुकीची तिजोरी), मग बंदूक. मान्य आहे.

प्रश्न: किंमत ठीक आहे का? बघायला जाईन तेव्हा काय काय तपासू? की सरळ नवी घ्यावी?

काडीपेटी

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

जयगडकर

सिरियल नंबर विचारलास का? मार्लिनचं वय काढायची सोपी रीत आहे. १९७३ पासून कंपनीने नंबराचे पहिले दोन आकडे असे दिले की २००० मधून वजा केले की साल निघतं. २७ असेल तर १९७३, १५ असेल तर १९८५. त्याआधीच्या बंदुकांचं कोष्टक वेगळं.

दुसरं म्हणजे नळी रिसिव्हरला मिळते तिथे जवळच लंबगोलात 'जेएम' असा छोटा शिक्का बघ. जॉन मार्लिन. हा शिक्का म्हणजे जुन्या कनेटिकटच्या कारखान्याची नळी. २००७ च्या शेवटी रेमिंग्टनने मार्लिन विकत घेतली, मग नॉर्थ हेवनचा कारखाना बंद केला आणि यंत्रं न्यूयॉर्क राज्यात इलियनला हलवली. जुने कारागीर काही यंत्रांबरोबर गेले नाहीत. त्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मालाला इकडे लोक चेष्टेने 'रेमलिन' म्हणतात. वाकड्या साइट (नेम धरायच्या खुणा), लाकूड आणि लोखंड यांच्यात फट, लिव्हर अडखळते. शेवटच्या काही वर्षांतला माल बराच सुधारला होता म्हणतात, पण नाव गेलं ते गेलंच. २०२० मध्ये रेमिंग्टन दिवाळखोरीत निघाली तेव्हा रुगरने मार्लिन घेतली. आत्ताच्या रुगरच्या मार्लिन उत्तम आहेत, पण तुला सांगितलेल्या किमतीत त्या येत नाहीत.

म्हणजे जेएम शिक्का आणि एकच मालक असेल तर ६०० ला मी मान हलवीन. पण बघितल्याशिवाय नाही.

जुनाबाजार

मार्लिनच का? विंचेस्टर ९४ बघितलीस का? खरी लिव्हर-अ‍ॅक्शन तीच. जॉन ब्राउनिंगची रचना. थर्टी-थर्टी हे काडतूस १८९५ साली आलं ते याच बंदुकीसाठी. सत्तर लाखांहून जास्त बनल्या. हातात धर, सडपातळ असते, एका हाताने तोल सापडतो. मार्लिन तिच्यापुढे पोट सुटलेली वाटते.

फक्त १९६४ लक्षात ठेव. त्या वर्षी खर्च वाचवायला कंपनीने आतले भाग बदलले. घडीव भागांच्या जागी पत्र्याचे ठोकलेले भाग आले, स्क्रूच्या जागी पिना आल्या, रिसिव्हरचा धातूही बदलला. त्या काळातल्या रिसिव्हरला पुन्हा निळा मुलामा नीट चढत नाही. म्हणून 'प्री-सिक्स्टीफोर' म्हटलं की भाव चढतो.

जयगडकर

जुनाबाजार, प्रेम कळलं. पण धागाकर्त्याचं वय विचारा. विंचेस्टर ९४ रिकामं काडतूस वरच्या बाजूने फेकते, त्यामुळे जुन्या बंदुकीवर दुर्बीण सरळ बसत नाही. ऐंशीच्या दशकात त्यांनी काडतूस फेकायचा कोन बदलला तेव्हा कुठे ती सोय झाली. मार्लिनचा माथा सपाट आणि बंद, काडतूस उजवीकडे पडतं. पंचेचाळिशीनंतर मागची साइट, पुढची साइट आणि हरीण या तिन्ही गोष्टी एकदम स्पष्ट दिसत नाहीत, हे स्वानुभवाने सांगतो.

वाटचुकार

वय ४३. चष्मा आहे. मुद्दा पोचला :)

मित्राकरवी नंबर मागवला. सुरुवात २२ ने. म्हणजे १९७८! माझ्याहून वयाने मोठी. जेएम शिक्काही आहे. पण यावर सेफ्टीचं बटण कुठेच दिसलं नाही. तुटलंय की काय?

लोहारकाम

तुटलं नाही, नव्हतंच. ते आडवं बटण मार्लिनवर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आलं. त्याआधीच्या बंदुकांवर अर्धा घोडा हीच सेफ्टी.

इथे शब्दांचा एक घोळ मिटवून घेतो. आपण मराठीत 'घोडा दाबला' म्हणतो तेव्हा बोटाने ओढायचा तो चाप डोक्यात असतो. मी खाली घोडा म्हणेन तो मागचा हॅमर, आणि बोटाखालचा तो चाप.

घोडा अर्ध्यावर आणला की एका खाचेत बसतो. त्या अवस्थेत चाप कितीही ओढला तरी तो पडता कामा नये. शिवाय लिव्हर पूर्ण मिटलेली नसेल तर चाप ओढलाच जात नाही, अशीही अडकण आत असते. व्यवस्था चांगली आहे, पण एक क्षण धोक्याचा. नळीत जिवंत काडतूस आहे, घोडा पूर्ण मागे आहे आणि हरीण निघून गेलं. आता अंगठ्याने घोडा धरून, चाप हलकेच ओढून, त्याला खाली अर्ध्यावर आणायचा. डिसेंबरात, गारठलेल्या बोटांनी, जाड हातमोज्यात. अंगठा निसटला की गोळी सुटली. म्हणून हे करताना नळीचं तोंड नेहमी जमिनीकडे, आणि घरी आधी रिकाम्या बंदुकीवर शंभर वेळा सराव.

रिकामी करतानाही तेच. ट्यूबमधली, म्हणजे नळीखालच्या दुसऱ्या नळीत भरलेली, काडतुसं खालून काढता येत नाहीत. लिव्हर मारून एकेक काडतूस नेहमीच्या रस्त्यानेच बाहेर काढावं लागतं. चापापासून बोट लांब.

काय तपासायचं ते रात्री निवांत लिहितो.

मृण्मयी_के

मी या विषयातली नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझी मुलगी दुसरीत आहे. शाळेत त्यांचा लॉकडाउन ड्रिल होतो, बंदूकधारी शिरला तर काय करायचं याची कवायत. दिवे बंद करून, भिंतीला टेकून, तोंडावर बोट ठेवून बसायचं. तिने घरी येऊन तो खेळ बाहुल्यांबरोबर खेळला. त्या दिवसापासून 'छंद' म्हणून बंदूक हा शब्द मला ऐकवत नाही. धागाकर्त्यांना उद्देशून नाही, पण ६०० डॉलर ठीक की नाही एवढाच प्रश्न आपल्याला पडतो का?

काडीपेटी

झालं, धागा पेटला. माझं नाव सार्थक.

वाटचुकार

मृण्मयी, राग नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा, त्याच्याही शाळेत तेच. बायकोची सेफची अट तिथूनच आली. बंदूक आणि काडतुसं वेगळ्या कुलपात आणि दोन्ही किल्ल्या फक्त आम्हा दोघांकडे, असं ठरलंय. यावरही तुमचं मत तेच राहिलं तर मला समजेल.

मृण्मयी_के

मत तेच आहे. पण उत्तर दिलंत, बरं वाटलं.

संपादक मंडळ

बंदूक असावी की नसावी यासाठी वेगळा धागा काढावा. इथे विषय ही रायफल. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

लोहारकाम

हं, आता लिहितो. हौशी माणूस आहे, पोटासाठी करत नाही, पण गेल्या वीस वर्षांत पन्नासेक जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शन खोलून पुसल्या असतील.

सगळ्यात आधी ती रिकामी आहे याची खात्री स्वतः कर. मालक 'रिकामी आहे' म्हणाला तरीही. लिव्हर उघड, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) बोट घाल आणि ट्यूबच्या तोंडाशी फॉलोअर (काडतुसं ढकलणारा तुकडा) दिसतोय का बघ. ट्यूबमध्ये राहून गेलेलं एक काडतूस फार लोकांना महागात पडलं आहे.

मग स्क्रूची डोकी. याला मी नळीइतकंच महत्त्व देतो. खाचा कुरतडलेल्या असतील तर कुणीतरी चुकीचा पेचकस घेऊन आत शिरलं होतं. आत काय केलं ते तुला कधीच कळणार नाही. चाप हलका करायला कानस मारली असेल, तर धोका तिथेच.

म्हणून पुढची परीक्षा घोड्याची. मालकाला विचारून, रिकाम्या बंदुकीवर. घोडा पूर्ण मागे घे आणि चापाला हात न लावता अंगठ्याने मागून जोरात पुढे ढकल. पडता कामा नये. मग अर्ध्यावर आण आणि चाप चांगला दाबून ओढ. पडता कामा नये. यापैकी एकदा जरी पडला तर किंमत २०० असली तरी घरी ये.

नळी. इथे मार्लिनचा मोठा फायदा. लिव्हरचा एकच स्क्रू काढला की लिव्हर हातात येते, मग बोल्ट मागून सरकवून बाहेर. नळी मागच्या बाजूने आरपार दिसते आणि साफही मागूनच करता येते. एक छोटा इजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर फेकणारा भाग) आत मोकळा असतो, तो टपकन पडतो. खाली पंचा अंथर. मी एकदा गालिच्यावर अर्धा तास रांगलो आहे. विंचेस्टर ९४ अशी सहज उघडत नाही, म्हणून लोक पिढ्यान्‌पिढ्या पुढच्या तोंडातून गज घालतात आणि तोंडाची कड झिजवून ठेवतात. कड झिजली की गोळी सुटताना एका बाजूला कलते, नेम जातो. तर टॉर्च मागून धर. आटे स्वच्छ दिसले पाहिजेत. काळपट दिसले म्हणून घाबरू नकोस, कधीकधी चाळीस वर्षांचं तांब्याचं आणि दारूचं किटण असतं, साफ केलं की आत चकचकीत. पण खड्डे आणि अंगठीसारखा गोल फुगवटा दिसला तर नको. तो फुगवटा म्हणजे नळीत काहीतरी अडकलेलं असताना कुणीतरी दुसरी गोळी झाडली आहे.

लाकूड. दस्ता जिथे धातूला मिळतो तिथे मागे केसासारखी चीर आहे का बघ. प्रत्येक बारला ती वाढते. दस्त्याच्या खालच्या कडेला काळा-पांढरा छोटा गोल ठिपका असतो, मार्लिनची खूण. तो नसेल तर दस्ता बदललाय किंवा रंधून पॉलिश केलाय. वाईट नाही, पण मग 'जशी घेतली तशी' ही गोष्ट खोटी ठरते.

शेवटी खोटी काडतुसं घेऊन जा. पाचसहा भर, लिव्हर आधी हळू आणि मग जोरात मार. अडकली तर का अडकली ते बघ. हळू मारल्यावर अडकणं हा बहुतेकदा माणसाचा दोष. लिव्हरला लाजायचं नसतं.

आणि काहीही झालं तरी तो उडालेला मुलामा पुन्हा चढवू नकोस. ती जागा त्या आजोबांच्या हाताची आहे.

जयगडकर

हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा हो कुणीतरी. दंडवत.

पेशवेपार्क

इकडे पुण्यात बसून वाचतोय आणि हेवा वाटतोय. आमच्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा, परवाना काढताना चपला झिजतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर विषयच संपला. आजोबांची बारा बोअर होती ती शेवटी पोलिसांत जमा केली. तुम्ही शेजाऱ्याकडून रायफल अशी घेता जशी आम्ही जुनी सायकल!

हैबती

अवांतर प्रश्न. मी एच-वन-बीवर आहे. मलाही अशी घेता येईल का? माझा आय-४८५ (ग्रीन कार्डचा अर्ज) दाखल झालाय.

कंदील

हैबती, थांबा. आय-४८५ दाखल होणं म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. संघराज्याच्या कायद्यानुसार, कलम ९२२(जी)(५)(बी), नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही गुन्हा आहे. रेंजवर भाड्याने घेऊन हातात धरली तरी ती 'बाळगणं' ठरू शकते. अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना. पण ग्रीन कार्ड तोंडाशी आलेलं असताना असल्या अपवादावर स्वतः अर्थ लावून उडी मारू नका. वकिलाला विचारा. इथल्या कुणाला नको, मलाही नको.

धागाकर्ते, तुमचं काय स्टेटस?

वाटचुकार

गेल्या वर्षी ग्रीन कार्ड आलं. त्याआधी रेंजवर मित्राच्या बंदुका चालवल्या ते आता वाचून पोटात गोळा आला. कुणी सांगितलंच नव्हतं.

कंदील

कुणीच सांगत नाही. आता पुढचं ऐका, आणि हे महत्त्वाचं.

तुम्ही ओहायोत हरणासाठी घेताय ना? मग थर्टी-थर्टी चालणार नाही.

ओहायोत हरणाच्या गन सीझनला रायफल चालते ती फक्त सरळ भिंतीच्या काडतुसाची, आणि कॅलिबर .३५७ ते .५०. थर्टी-थर्टीचं काडतूस हातात घेऊन बघा. वर खांदा आहे, मान बारीक होते. बाटलीसारखं. ते बेकायदा. बंदूक कितीही सुंदर असो, डिसेंबरात ती घेऊन रानात दिसलात तर वॉर्डन (शिकारीचे नियम बघणारा अधिकारी) तुम्हाला गाडीपाशी बसवेल.

काडीपेटी

बाराशे शब्द बंदुकीवर आणि कुणाला काडतूस आठवलं नाही. अमर रहे हा मंच.

लोहारकाम

अरे देवा. मी टेक्सासात राहतो, इकडे हा प्रश्नच येत नाही. माझी चूक, आधी विचारायला हवं होतं की कुठे मारणार.

जयगडकर

मी पेनसिल्व्हेनियातला, तेच. इथे तर थर्टी-थर्टी म्हणजे घरोघरची.

वाटचुकार

डोकं सुन्न. पण हंटर एज्युकेशनमध्ये हे होतं! 'स्ट्रेट-वॉल' हा शब्द पाठ केला होता परीक्षेला. समोर प्रत्यक्ष बंदूक आल्यावर डोक्यातून गेला. मित्राने का नाही सांगितलं, असं विचारलं तर म्हणाला, "तुला आवडली म्हणून घेतोयस असं वाटलं मला." तो स्वतः स्लगवाली (छर्र्यांऐवजी एकच मोठी गोळी) शॉटगन वापरतो, त्यामुळे त्याला रायफलीचा नियम कधी लागलाच नाही.

मग आता काय? याच पद्धतीची, पण ओहायोत चालणारी?

जुनाबाजार

आहेत की. मार्लिनचीच १८९४ बघ, फोर्टीफोर मॅग्नममध्ये. किंवा १८९५, फोर्टीफाइव्ह-सेव्हंटीमध्ये. ते काडतूस १८७३ सालचं, अमेरिकन लष्कराचं, पण अजून ठणठणीत. हरणासाठी फोर्टीफोर पुरेसं, तुझा खांदाही शाबूत राहतो. थ्रीफिफ्टीसेव्हन कायद्याच्या काठावर बसतं, पण पन्नाससाठ यार्डांच्या पुढे मी वापरणार नाही. मार्लिन ३३६ मध्येच थर्टीफाइव्ह रेमिंग्टन मिळते, तिच्या नादी लागू नकोस. तिलाही खांदा आहे आणि काडतुसं शोधत फिरावं लागतं.

जुनी १८९४ घेशील तर एक गोष्ट. तिचा एक प्रसिद्ध आजार आहे. लिव्हरची धार काडतूस उचलणाऱ्या पट्टीवर घासून खाच पाडते, मग दोन काडतुसं एकदम आत यायला बघतात आणि सगळं जाम. पट्टीची खालची बाजू बघून घे. दुरुस्त होतं, पण भाव करताना कामाला येतं.

कंदील

आणि ओहायोत हरणावर असताना ट्यूब आणि चेंबर मिळून तीनच काडतुसं. ट्यूबमध्ये नऊ बसतात म्हणून नऊ भरायची नाहीत.

डेट्रॉइटवाली

मिशिगनच्या दक्षिणेत याहून गंमत. तिथे काडतुसाच्या कोशाची लांबीही बघतात, १.८० इंचापर्यंत. म्हणजे तुमची ती जुनी लष्करी फोर्टीफाइव्ह-सेव्हंटी सरळ भिंतीची असूनही बाद, कारण लांब. दरवर्षीचं नियमांचं पुस्तक उघडून बघायचं, मंचावर विचारायचं नाही.

लोहारकाम

एक राहिलंच, कुठलीही ट्यूबवाली घेतलीस तरी. टोकदार गोळ्या भरायच्या नाहीत. ट्यूबमध्ये काडतुसं एकामागोमाग एक असतात, मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर (बुडाशी असलेली ठिणगीची टिकली) टेकतं. बार उडाल्यावर झटका बसला की तेच टोक खिळ्यासारखं काम करू शकतं. म्हणून चपट्या नाकाची गोळी. आता रबरासारख्या मऊ टोकाच्याही मिळतात, त्या चालतात. पण स्वस्तात मिळाली म्हणून कुठलीही पेटी उचलायची नाही.

वाटचुकार

शनिवारी सकाळी आजोबांकडे जाऊन 'नको' म्हणून सांगणार होतो. फोनवर नको म्हणणं बरं दिसलं नसतं. लोहारकामची यादी तरीही छापून खिशात होती, का ते विचारू नका.

काडीपेटी

विचारत नाही. सगळ्यांना कळलं.

वाटचुकार

जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

आजोबांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुना टॉवेल अंथरून ठेवला होता. मी आधीच सांगून टाकलं की ओहायोत हरणासाठी हिचा उपयोग नाही, त्यामुळे घेता येणार नाही. ते हसले. म्हणाले, "हिने मी ओहायोत एकही हरीण मारलेलं नाही." त्यांच्या भावाची जमीन वेस्ट व्हर्जिनियात होती. दरवर्षी नोव्हेंबरात तिकडे जायचे, एक हरीण, परत. भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला, पुतण्यांनी जमीन विकली. म्हणून बंदूक विकायला काढली. म्हणजे माझी अडचण आणि त्यांची अडचण एकच निघाली.

मग म्हणाले, आलायस तर बघून तरी जा.

यादी काढली. रिकामी, माझ्या बोटाने खात्री केली. अर्धा घोडा पक्का, पूर्ण घोडा पक्का, अंगठा दुखेपर्यंत ढकलला. एक स्क्रू सोडून सगळ्यांची डोकी कोरी. तो एक दुर्बिणीच्या बैठकीचा होता, त्यांनीच बसवताना खराब केलेला, लगेच कबूल केलं. दस्त्याखाली काळा-पांढरा ठिपका जागेवर. लिव्हरचा स्क्रू त्यांनीच काढला. इजेक्टर टपकन टॉवेलवर पडला आणि मी "हा पडणारच" म्हणालो, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. नळी आधी काळपट, दोन चिंध्या फिरवल्यावर आरशासारखी. चीर नाही. काडतुसांच्या तीन जुन्या पेट्या दाखवल्या, त्यातली एक अजून अर्धी भरलेली. पेट्यांवर पेन्सिलीने सालं लिहिलेली.

मग मित्राला फोन केला. त्याच्या मेव्हण्याची जमीन पेनसिल्व्हेनियात आहे, दरवर्षी बोलावतो. तिथे ही चालते?

जयगडकर

धावते! हाताने चालवायच्या सेंटरफायर रायफली इथे हरणाला चालतात. थर्टी-थर्टी तर शंभर वर्षं इथल्या झाडीतच वाढली. १७० ग्रेनची गोळी नळीच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे २२०० फूट वेगाने सुटते. आजच्या हिशेबाने बैलगाडी आहे, पण इथल्या रानात शंभर यार्डांपुढचं दिसतंच कुठे. बाहेरच्या राज्यातल्यांचा परवाना घ्या, तो महाग असतो. आणि अंगावर केशरी, दोन्हीकडे सक्तीचं.

कंदील

व्यवहार कसा करणार? दोघेही ओहायोचे रहिवासी, त्यामुळे संघराज्याचा कायदा आणि ओहायोचा कायदा दोन्हींनुसार दुकानाशिवाय खाजगीत देता येते. आजोबा दुसऱ्या राज्यात राहत असते तर परवानाधारक दुकानातूनच जावं लागलं असतं. तरी माझं ऐका, दुकानातूनच करा. दुकानदार थोडी फी घेईल, तुम्ही फॉर्म ४४७३ (बंदूक घेणाऱ्याचा सरकारी फॉर्म) भराल, पार्श्वभूमीची तपासणी होईल, कागद राहील. ग्रीन कार्डवर असताना असा एक स्वच्छ कागद असलेला बरा. आणि त्या फॉर्मवर गांजाचा प्रश्न असतो. ओहायोत २०२३ च्या मतदानानंतर तो कायदेशीर झाला, पण संघराज्याच्या कायद्यात नाही, हे तिथेच छापलेलं आहे. खोटं उत्तर हाच वेगळा गुन्हा.

वाटचुकार

गांजा नाही, मसाला चहा आहे फक्त.

आजोबांना दुकानाचं विचारलं. मला वाटलं, रागावतील. उलट म्हणाले, तसंच करू, माझ्याही डोक्याला ताप नको. ५५० म्हणाले, दुकानाची फी मी द्यायची. पुढच्या शनिवारी जायचंय. यंदा ओहायोत मित्राची जुनी स्लगगन उसनी घेणार. पेनसिल्व्हेनियाला पुढच्या वर्षीच, या वर्षी सुट्टी उरलेली नाही.

जुनाबाजार

म्हणजे हरणासाठी रायफल हवी होती, ती घेतली, आणि हरणाला उसनी बंदूक. व्वा.

वाटचुकार

हो. बायको पण हेच म्हणाली, जरा जास्त शब्दांत.

मृण्मयी_के

सेफचं काय झालं?

वाटचुकार

सेफ आधी येतेय, मंगळवारी. मागवली तेव्हा वजन बघितलं नव्हतं, १४० किलो निघाली. गाडीवाला फक्त गॅरेजपर्यंत सोडतो आणि आम्हाला ती तळघरात न्यायची आहे. कोलंबसच्या आसपास कुणी आहे का?

हैबती

मी इथल्याच, कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये राहतो. मंगळवारी सहानंतर येतो. आत बंदूक नसताना सेफ उचलणं हे 'बाळगणं' होत नाही ना, कंदील?

कंदील

नाही. पण कंबर सांभाळा.